एक देवडी, अनेक दुकाने. पण वाडा कोणाच्या नावावर?

पुण्यात गाळा कोठे आहे यावरून दुकानाची अर्धी ओळख होते. रविवार पेठेतील बोहरी आळीचे नाव घेतले की घाऊक मालाचा बाजार डोळ्यांपुढे येतो. तपकीर गल्ली म्हटले की विजेचे सामान, भवानी पेठेचे टिंबर मार्केट म्हटले की लाकूड. ही नावे पिढ्यान्‌पिढ्यांच्या तिजारतीने कमावलेली आहेत आणि त्यांच्या आसऱ्याने नवा दुकानदारही चार पैसे मिळवतो. आळीचे नाव कोणा एकाच्या मालकीचे नसते, म्हणून ते कोणी एका रात्रीत काढूनही घेऊ शकत नाही.

इंटरनेटवरील पत्त्याचे मात्र तसे नाही. तेथे प्रत्येक नाव कोणाच्या तरी खात्यावर नोंदलेले असते, आणि ज्याच्या खात्यावर नाव, त्याच्या हाती दुकानाची किल्ली. आपले अनेक व्यापारी व कारागीर आज दुसऱ्याच्या नावाखाली दुकान मांडून बसले आहेत आणि ते आपलेच आहे असे समजत आहेत. याविषयी आमचे मत आम्ही येथे मांडत आहोत. विषय थोडा तांत्रिक आहे. परंतु गाळ्याचा करार वाचता येणाऱ्या माणसाला तो अवघड जाऊ नये.

गरज कशाची, हे प्रथम पाहू. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या साथीत पेठांचा जुना भाग आणि कोंढवा परिसर सील झाला, तेव्हा दुकानात माल असून गिऱ्हाइकापर्यंत पोहोचण्याचा रस्ता नव्हता. २६ मार्च २०२१ च्या रात्री कॅम्पातील फॅशन स्ट्रीटला आग लागली आणि शेकडो गाळे जळाले. गाळा बंद पडला किंवा जळाला तरी गिऱ्हाइकाला आपला ठावठिकाणा लागला पाहिजे. तेवढ्यासाठी तरी इंटरनेटवर स्वतःचा कायम पत्ता असणे आता चैनीची बाब राहिलेली नाही.

अडचण खर्चाची आहे. शिवणकाम करणारा कारागीर, अत्तरवाला, छोटी बेकरी, जरीचे काम करणारे घर, फर्निचरचा कारखाना यांतील प्रत्येकाने स्वतंत्र संकेतस्थळ बांधून घ्यावे आणि ते सांभाळावे, हे परवडणारे नाही. म्हणून दहा-वीस दुकानदारांनी एकत्र येऊन एकच संकेतस्थळ बांधावे आणि त्यात प्रत्येकाला स्वतःच्या नावाचे वेगळे दार द्यावे, हा मार्ग आम्हांला सर्वांत व्यवहार्य वाटतो. अशा दाराला सबडोमेन म्हणतात. मार्ग चांगला आहे, पण त्यात दोन गोष्टी आधी पक्क्या झाल्या पाहिजेत. येणारे गिऱ्हाईक नेमक्या दुकानात पोहोचले पाहिजे, आणि मूळ नाव व्यापाऱ्यांच्या संघाच्या मालकीचे असले पाहिजे.

पत्ता उजवीकडून वाचावा

इंटरनेटवरील नावांची आजची पद्धत १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने मांडली. नावाचे तुकडे टिंबांनी वेगळे केलेले असतात आणि मोठ्या अधिकाराचा तुकडा सर्वांत उजवीकडे असतो. म्हणजे पत्त्याचा खरा मालक शोधायचा तर वाचन उजवीकडून डावीकडे करायचे. उर्दू वाचणाऱ्या आपल्या वाचकांना ही सवय नवी नाही.

याचे उदाहरण जीएसटी भरणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याच्या पाहण्यातले आहे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला. त्याच्या संकेतस्थळावर गेल्यावर पत्त्याच्या पट्टीकडे नीट पाहावे. कधी तेथे 'सर्व्हिसेस.जीएसटी.गव्ह.इन' दिसते, विवरणपत्र भरताना 'रिटर्न.जीएसटी.गव्ह.इन' दिसते आणि चलनाच्या वेळी 'पेमेंट.जीएसटी.गव्ह.इन'. उजवीकडील 'इन' म्हणजे भारत, 'गव्ह' म्हणजे सरकार, 'जीएसटी' म्हणजे ते खाते. त्याच्या डावीकडचा शब्द म्हणजे त्या खात्यातील वेगवेगळ्या खिडक्या. घर एकच आहे, खिडक्या अनेक आहेत. या खिडक्या म्हणजेच सबडोमेन.

हे वाचन आले की फसवणुकीपासूनही बचाव होतो. भामटे लोक 'जीएसटी.गव्ह.इन' हे शब्द पत्त्याच्या डाव्या बाजूला ठेवतात आणि उजवीकडे स्वतःचेच भलतेसलते नाव लावतात. घाईत डावीकडून वाचणारा फसतो. याच प्रकाराला आळा घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत '.बँक.इन' या नावाखाली आणण्यास सांगितले. देशाची मध्यवर्ती बँक नावाच्या उजव्या टोकाला इतके महत्त्व देते, यातून आपणही काही घ्यावे.

देवडीवरचा पहारेकरी

आता संघाच्या संकेतस्थळाचे काम कसे चालेल ते पाहू. समजा संघाने 'अबक.इन' हे नाव घेतले. अत्तरवाल्याला 'अत्तर.अबक.इन' मिळाले, बेकरीला 'बेकरी.अबक.इन' मिळाले. दोन्ही पत्ते एकाच संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे नेतात. जुन्या वाड्यात बिऱ्हाडे अनेक असली तरी देवडी एकच असते, तसे हे आहे. येणाऱ्याने कोणाकडे जायचे ते सांगायचे आणि देवडीवरच्या पहारेकऱ्याने त्याला त्या खोलीकडे पाठवायचे. इंटरनेटवर हे सांगणे आपोआप होते. गिऱ्हाइकाचा ब्राउझर प्रत्येक मागणीबरोबर आपण कोणत्या नावाने आलो ते कळवतो. वेबच्या देवाणघेवाणीचे जे नियम १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांनी ही माहिती देणे बंधनकारक केले. त्यामुळे एका सर्व्हरवर शेकडो नावांची दुकाने मांडणे सोयीचे झाले.

पहारेकऱ्याचे काम कोण करतो? संकेतस्थळ बांधण्यासाठी तयार सांगाडे मिळतात. त्यांना फ्रेमवर्क म्हणतात. रेल्स, जँगो, लाराव्हेल ही त्यांतील प्रचलित नावे. कोणत्या नावाने आलेल्या मागणीला कोणते पान दाखवायचे, याचे नियम या सांगाड्यात लिहावे लागतात. रेल्स आणि लाराव्हेल यांत सबडोमेन ओळखण्याची सोय मुळातच आहे. जँगोत त्यासाठी वेगळी जोड लावावी लागते किंवा स्वतः थोडे लिहावे लागते. कोणता सांगाडा वापरावा याचा वाद आम्ही येथे घालत नाही. तिन्हींत हे काम नीट होते; ते नीट झाले की नाही हे तपासण्याची जबाबदारी मात्र पैसे देणाऱ्याची आहे. बांधकाम गवंडी करतो, पण ओळंबा लावून पाहणे घरमालकाच्याच हिताचे असते. तेव्हा काम करून देणाऱ्याला पुढील प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, नव्या दुकानाला दार देण्यासाठी दर वेळी तुमच्याकडे यावे लागेल काय? तशी गरज नाही. नावांच्या नोंदीत तारांकन लावून 'या नावाखालील कोणतेही सबडोमेन याच सर्व्हरकडे पाठवा' असे एकदाच सांगता येते. पुढे संघाच्या चिटणिसाने यादीत दुकान भरले की दार उघडते. सुरक्षिततेचे प्रमाणपत्रही तसेच तारांकित मिळते, आणि मार्च २०१८ पासून 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था ते मोफत देते. मात्र हे प्रमाणपत्र एकाच पायरीपुरते चालते. 'बेकरी.अबक.इन' त्यात येईल, 'कॅम्प.बेकरी.अबक.इन' येणार नाही. म्हणून शाखांसाठी दारात दार काढण्याचा मोह टाळावा.

दुसरा प्रश्न, यादीत नसलेले नाव कोणी टाकले तर काय होईल? सर्वांत वाईट उत्तर म्हणजे 'पहिले दुकान उघडेल'. एखाद्याने घाईत चुकीचे अक्षर टाकले म्हणून बेकरीचे गिऱ्हाईक अत्तराच्या दुकानात जाऊ नये. अशा वेळी 'या नावाचे दुकान येथे नाही' असे स्वच्छ सांगणारे पान आले पाहिजे आणि तेथे सर्व दुकानांची यादी असावी.

तिसरा प्रश्न नियमांच्या क्रमाचा आहे. सांगाडा नियम वरून खाली वाचतो आणि जो आधी जुळला तो लागू करतो. सर्वसाधारण नियम आधी लिहिला आणि खास नियम मागे राहिला, तर खास नियमाची पाळी येतच नाही. म्हणूनच सबडोमेनचे नियम मूळ नावाच्या नियमांच्या आधी लिहावेत, असे लाराव्हेलच्या माहितीपुस्तिकेत सांगितले आहे. संघाचे कार्यालय, टपाल, हिशेब यांसाठी लागणारी नावे आधीच राखून ठेवावीत. नाहीतर एखादा दुकानदार 'ऑफिस' नाव घेऊन बसेल आणि गिऱ्हाइकाला तेच संघाचे कार्यालय वाटेल.

अमानतीचा प्रश्न

आमच्या मते सर्वांत गंभीर बाब पुढे आहे. सर्व दुकानांचे हिशेब, गिऱ्हाइकांची नावे व फोन नंबर, उधारीच्या नोंदी हे सारे अशा योजनेत बहुधा एकाच माहितीसाठ्यात असते. प्रत्येक नोंदीवर दुकानाचा क्रमांक असतो आणि प्रत्येक वेळी 'याच दुकानाच्या नोंदी दाखव' असे संगणकाला सांगावे लागते. एका ठिकाणी ते सांगायचे राहिले की बोहरी आळीतल्या एका घाऊक व्यापाऱ्याचे भाव शेजारच्या व्यापाऱ्याच्या पडद्यावर दिसू लागतात. व्यापारात भाव आणि उधारी या गोष्टी माणूस सख्ख्या भावालाही सहजासहजी सांगत नाही. म्हणून दोन खोटी दुकाने उघडून, एकाच्या खात्यातून दुसऱ्याची नोंद पाहता येते का, याची परीक्षा संघाने स्वतः घ्यावी. पत्त्यातील बिल क्रमांक बदलून दुसऱ्याचे बिल उघडत असेल तर काम परत करावे.

दुसरी जोखीम प्रवेशचिठ्ठीची. दुकानदार पासवर्ड देऊन आत गेला की त्याच्या ब्राउझरला एक चिठ्ठी मिळते, तिला कुकी म्हणतात. ही चिठ्ठी एका खोलीपुरती देता येते किंवा साऱ्या वाड्यासाठी देता येते. सोय म्हणून पुष्कळदा ती साऱ्या वाड्यासाठी दिली जाते. मग एका दुकानाच्या पानात काही दगाफटका झाला तर बाकीच्यांनाही धोका पोहोचतो. चिठ्ठी ज्याच्या त्याच्या खोलीपुरतीच असावी.

तिसरी जोखीम रिकाम्या खोलीची. एखाद्या दुकानदाराचे दार संघाने बाहेरच्या एखाद्या सेवेकडे वळवलेले असते. पुढे तो ती सेवा बंद करतो, पण नावाची नोंद तशीच राहते. तीच जागा त्या सेवेकडून दुसऱ्या कोणी घेतली, तर आपल्या संघाच्या नावाखाली तो परका माणूस दुकान थाटू शकतो. भाडेकरू गेला की पाटी काढावी, हा साधा नियम येथेही आहे.

आपल्या धर्माने अमानतीला काय स्थान दिले आहे ते वाचकांना सांगण्याची गरज नाही. गिऱ्हाइकाचा फोन नंबर आणि पत्ता ही त्याने विश्वासाने दिलेली अमानत आहे. ती राखण्याची तयारी नसेल तर संकेतस्थळ न काढलेले बरे.

फुकटच्या पत्त्याची किंमत

काही व्यापारी बंधू म्हणतील, एवढा खटाटोप कशाला? मोठ्या कंपन्या फुकट दुकान देतात, फुकट पान देतात. यावर एक घडलेली हकीकत सांगतो. गूगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी जानेवारी २०१७ मध्ये दिल्लीत छोट्या व्यावसायिकांसाठी मोफत संकेतस्थळाची योजना जाहीर केली. मोबाइलवर काही मिनिटांत पान तयार होई आणि पत्ता मिळे 'दुकानाचे नाव.बिझनेस.साइट' असा. अनेकांनी तो पत्ता पाटीवर, बिलावर आणि कार्डावर छापला. मार्च २०२४ मध्ये कंपनीने ही संकेतस्थळे बंद केली. १० जून २०२४ पर्यंत त्या पत्त्यावर येणाऱ्यांना दुकानाच्या गूगलवरील नोंदीकडे वळविण्यात आले; त्यानंतर तेही थांबले. छापलेली कार्डे राहिली, पत्ता गेला. त्याआधी २००९ मध्ये याहू कंपनीने जिओसिटीज ही फुकट पानांची सेवा अशीच बंद केली होती.

यात कंपनीने करार मोडला असे आम्ही म्हणत नाही. जागा तिची होती, तिने ती परत घेतली. पागडीच्या गाळ्याला १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे काही संरक्षण तरी आहे. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सलाही निदान कागद असतो. फुकटच्या सबडोमेनला यांपैकी कशाचाच आधार नाही. व्हॉट्सॲप किंवा इन्स्टाग्राम वापरू नये असे आमचे म्हणणे नाही. जेथे गिऱ्हाईक आहे तेथे जरूर जावे. पण पाटीवर आणि बिलावर छापायचा पत्ता आपल्या ताब्यातला असावा. '.इन' नाव नोंदवायला वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. दहा दुकानदारांत तो वाटला तर महिन्याला एका चहाचाही पडत नाही.

नाव मराठीतही घेता येते. '.भारत' हे देवनागरीतील टोक २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाले. '.इन' आणि '.भारत' या दोन्हींचा कारभार नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था पाहते. भारत हे टोक उर्दू लिपीतही आहे. तथापि अनेक गिऱ्हाइकांना फोनवर देवनागरी टंकायची सवय नाही, म्हणून मुख्य पत्ता '.इन'चा ठेवून मराठी नाव त्याच्या जोडीला घ्यावे, असे आम्हांला वाटते.

संघ तरी विश्वासाचा कशावरून?

येथे एक रास्त शंका येते. मोठ्या कंपनीच्या हातून नाव काढून संघाच्या हाती दिले, तरी व्यापारी भाडेकरूच राहिला. संघात भांडण झाले, अध्यक्ष बदलला, संकेतस्थळ बांधणारा मुलगा नोकरीसाठी परगावी गेला, तर काय? ही शंका खरी आहे. नाव बांधणाऱ्याच्या किंवा अध्यक्षाच्या खासगी ईमेलवर नोंदलेले असेल, तर त्या दिवशी सर्व दुकाने एकदम बंद पडतील.

उपाय आपल्याच परंपरेत आहे. वक्फच्या मिळकतीचा मुतवल्ली तिचा कारभार पाहतो, तिचा मालक नसतो. संघाचे नाव सांभाळणाऱ्यानेही तसेच वागले पाहिजे. आणि हे केवळ तोंडी असून चालणार नाही. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा आणि त्याला साक्षीदार असावेत, ही ताकीद कुरआन शरीफच्या सूरह बकरातील २८२ व्या आयतीत आहे. सबडोमेन घेणे हाही मुदतीचाच व्यवहार आहे.

त्या कागदात निदान चार गोष्टी असाव्यात. पहिली, मूळ नाव नोंदणीकृत संस्थेच्याच नावावर असेल, संस्थेच्या ईमेलवर असेल आणि त्याची किल्ली किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे असेल. दुसरी, नावाची मुदत अनेक वर्षांची भरली जाईल आणि नूतनीकरणाची तारीख सर्व सभासदांना माहीत असेल. तिसरी, कोणाही दुकानदाराला वर्गणी थकल्याखेरीज दारातून काढता येणार नाही, आणि काढण्याआधी लेखी मुदत दिली जाईल. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, जाणाऱ्याला आपला माल, गिऱ्हाईक यादी व हिशेब सोबत नेता येतील आणि जुन्या दारावर आलेले गिऱ्हाईक पुढे एक वर्ष त्याच्या नव्या पत्त्याकडे पाठवले जाईल.

शेवटचे कलम कामातही उतरवावे लागते. संघाच्या सांगाड्याने 'बेकरी.अबक.इन' ओळखावे, तसेच बेकरीने उद्या स्वतःचे नाव घेतले तर तेही ओळखून तेच दुकान उघडावे. पहारेकऱ्याच्या वहीत एका खोलीसमोर दोन नावे लिहायची, एवढेच हे काम आहे. पण ते पहिल्या दिवशी सांगितले तर स्वस्तात होते आणि दोन वर्षांनी सांगितले तर भिंती पाडाव्या लागतात. ज्याचा धंदा वाढला त्याने स्वतःच्या नावाने बाहेर पडावे, आणि संघाने त्याला आनंदाने जाऊ द्यावे. जो माणूस हवे तेव्हा जाऊ शकतो, तोच मनापासून संघात राहतो.

मनुष्यबळाची उणीव आहे असे कोणी म्हणू नये. कॅम्पातील आझम कॅम्पसमध्ये आणि शहरातील इतर महाविद्यालयांत संगणक शिकणारी आपल्या समाजाची मुले-मुली आहेत. त्यांना हे काम मेहनताना देऊन सांगावे, समाजसेवा म्हणून फुकट करून घेऊ नये. फुकट काम करून घेतले की तक्रार करण्याचा आणि मुदत मागण्याचा हक्कही उरत नाही.

आमचे व्यापारी बंधूंना सांगणे एवढेच की, येत्या रमजानच्या हंगामाच्या निदान चार महिने आधी आपापल्या बाजारात दहा जणांची बैठक घ्यावी. पहिल्या बैठकीत संकेतस्थळाचे रंग आणि चित्रे यांवर वेळ घालवू नये. नाव कोणाच्या खात्यावर नोंदवायचे आणि जाणाऱ्याला काय मिळेल, या दोन मुद्द्यांवर सही झाली की मगच बांधणाऱ्याला आगाऊ रक्कम द्यावी. ज्यांच्या बिलावर आज दुसऱ्याच्या नावाखालचा पत्ता छापलेला आहे, त्यांनी पुढचे बिलबुक छापण्यापूर्वी तो पत्ता उजवीकडून एकदा वाचून पाहावा.